पुढाऱ्याचं नाक नंतर, आधी रांगेतला माणूस

गारगोटीहून पाठवलेलं तुझं पत्र आणि सोबतची पाच चित्रं मिळाली. ‘सर’ न म्हणता ‘काका’ म्हणालीस ते बरं केलंस. आता मलाही जरा मोकळं बोलता येईल.

पत्र मोठं आहे. ज्यांनी ते वाचलेलं नाही त्यांच्यासाठी त्याचं सार सांगतो. तुझं जी.डी. आर्ट झालंय. पुढाऱ्यांचे चेहरे हुबेहूब जमतात. सहा महिने रोज एक राजकीय व्यंगचित्र काढून मोबाईलवर टाकतेस. लोक ‘छान चित्र’ म्हणतात, पण हसत कुणीच नाही. विषय सुचेनासे झालेत. वडील म्हणतात, इथल्या पुढाऱ्यांच्या नादाला लागू नकोस. मैत्रीण म्हणते, आता एआय दहा सेकंदांत चित्र काढून देतं, तू कशाला डोळे फोडतेस? आणि शेवटी विचारलंयस, ‘यात माझं कुठं चुकतंय?’

पाचही चित्रं मी दोन-दोनदा बघितली. चेहरे जमलेत. दोन आजी आणि एक माजी मी चष्मा न लावता ओळखले. पण चेहरा ओळखला की वाचकाचं काम संपतं आणि त्याचं बोट पुढं सरकतं, कारण चित्रात बघण्यासारखं दुसरं काही उरत नाही. एक पुढारी बोलतोय, त्याच्यासमोर माईक आहे, पलीकडं दुसरा पुढारी आहे. या दोघांच्या भानगडीत ज्याचं दुधाचं बिल, ज्याची ऊसतोड, ज्याची पाण्याची पाळी अडकलीय, तो माणूस चित्रात कुठंच नाही. हसण्यासाठी वाचकाला त्या चौकटीत स्वतःची जागा सापडावी लागते. तुझ्या चौकटीत त्याला उभं राहायला वीतभर जागा नाही.

हे मला कुठल्या कलाशाळेत कळलं नाही, आमच्या गल्लीत कळलं. १९८९ च्या उन्हाळ्यात मी एका दैनिकात पॉकेट कार्टून, म्हणजे एका कॉलमाचं छोटं व्यंगचित्र, काढायला लागलो. चित्रामागं दहा रुपये मिळायचे, तेही महिनाअखेरीस आणि आठवण करून दिल्यावर. त्या वर्षी पेठेत पाण्याची बोंब होती. टँकर आला की बायकांची झोंबाझोंबी व्हायची. मी तेच काढलं: पदर खोचलेल्या बायका, हातात कळश्या, एकमेकींच्या झिंज्या धरलेल्या, आणि खाली कसलासा कुस्तीवरचा मथळा. कोल्हापुरात कुस्ती म्हटलं की हशा हमखास, असं तेव्हा वाटायचं. संपादक खूश झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या आक्का पेपर घेऊन दारात. मला वाटलं, आता उद्धार होतोय. तर म्हणाल्या, “चित्र ब्येस आलंय रे. पण ह्यात नगरसेवक कुठं हाय?”

त्यांनी शिवी दिली असती तर मी विसरलो असतो. मी रांगेतल्या माणसांना हसलो होतो आणि रांग ज्यांच्यामुळं लागली त्यांना चित्राबाहेर सावलीत बसवलं होतं. तुझं उलटं झालंय. तू सावलीतल्यांनाच काढतेस आणि रांग बाहेर ठेवतेस. चूक एकच आहे. व्यंगचित्र या दोघांच्या मधल्या अंतरात असतं. दोन्ही टोकं चौकटीत असल्याशिवाय ते अंतर दिसत नाही.

आर. के. लक्ष्मण यांच्यासारखं काढायचंय असं तू लिहिलंयस, म्हणून त्यांचंच उदाहरण घेऊ. टाइम्स ऑफ इंडियात १९५१ पासून त्यांचं ते छोटं चित्र येऊ लागलं. सुरुवातीला ते चित्रात देशातल्या वेगवेगळ्या प्रांतांची माणसं घालत. पण रोजचं चित्र वेळेत द्यायचं तर एवढी गर्दी काढायला सवड कुठली? एकेक माणूस गळत गेला आणि शेवटी धोतर, चौकड्यांचा कोट, चष्मा आणि डोक्यावर दोन-चार केस एवढा एकच गृहस्थ उरला. आता त्यांचं कुठलंही चित्र काढ आणि त्या गृहस्थावर बोट ठेवून झाक. मंत्री आहे, अधिकारी आहे, टेबलावर फायलींचा ढीग आहे, सगळं तसंच आहे, पण चित्र बसतं. बोट काढलं की पुन्हा उठतं. गृहस्थ एक शब्द बोलत नाही. नुसता बघतो. तो बघतोय म्हणून मंत्र्याचं वाक्य हास्यास्पद होतं, एरवी ते बातमीतलंच वाक्य असतं. ही बोट ठेवण्याची परीक्षा मी अजून माझ्या प्रत्येक चित्रावर करतो. तूही कर. तुझ्या पाचपैकी चार चित्रांत कुणावरही बोट ठेवलं तरी फरक पडत नाही.

बाळासाहेब ठाकरे आणि लक्ष्मण काही काळ फ्री प्रेस जर्नलमध्ये एकत्र होते. ठाकऱ्यांनी ऑगस्ट १९६० मध्ये मार्मिक हे साप्ताहिक काढलं आणि ‘रविवारची जत्रा’च्या जोडपानावर त्यांचा ब्रश सुटला. ती मोठी, आक्रमक, जाडजूड रेषेची जात. तिला जागा लागते, आणि आपण कुठल्या बाजूनं लढतोय हे आधी ठरलेलं लागतं. लक्ष्मणांच्या मोठ्या चित्रांतही ताकद होती, पण रोजच्या पॉकेट कार्टूनची जात वेगळी. ते चहाबरोबर वाचलं जातं, अर्ध्या मिनिटात. तुझा हात मला या दुसऱ्या जातीचा वाटतो. दोन्ही एकदम करू नकोस, सध्या तरी.

आता शब्दाबद्दल थोडं. ‘व्यंग’ म्हणजे खोट, शरीरातला दोष. त्यामुळं बऱ्याच जणांचा समज असा की नाक लांब केलं, पोट सुटलेलं दाखवलं की झालं व्यंगचित्र. त्याला अर्कचित्र म्हण फार तर, आणि तेही कच्चं. संस्कृतवाल्यांकडं दुसरा एक शब्द आहे, ‘व्यंग्य’. जे उच्चारलेलं नाही पण ऐकणाऱ्याच्या मनात उमटतं ते. शब्दांचं मूळ पंडितांनी बघावं, पण आपला धंदा या दुसऱ्या शब्दावर चालतो असं माझं ठाम मत आहे.

याचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा नमुना म्हणजे अबू अब्राहम यांचं आणीबाणीतलं चित्र. इंडियन एक्स्प्रेस, डिसेंबर १९७५. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आंघोळीच्या टबात बसलेत आणि तिथूनच दाराच्या फटीतून वटहुकूम सही करून परत देतायत. आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, असं काहीसं म्हणतायत. चेहऱ्यावर कसला दुष्टपणा नाही, उलट बिचारे वाटतात. आणि ज्यांच्याकडून ते कागद येत होते त्या पंतप्रधान चित्रात नाहीतच! त्यांची रेघसुद्धा नाही. तरी वाचणाऱ्या प्रत्येकाला त्या दाराबाहेर दिसल्या. सेन्सॉर चालू असताना हे छापून आलं. तू असतीस तर, मला भीती आहे, इंदिराबाईंचं नाक काढण्यात दोन तास घालवले असतेस. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४८ पासून चालवलेलं शंकर्स वीकली हे व्यंगचित्रांचं साप्ताहिक बंद झालं, हेही त्या टबाशेजारी ठेवून बघ.

आपल्या भागातली माणसंही बघ, नेहमी मुंबई-दिल्लीकडं कशाला बघायचं? वसंत सरवटे मूळचे कोल्हापूरचे, नोकरीनं इंजिनिअर. ‘ललित’ मासिकातल्या जयवंत दळवींच्या सदराला, म्हणजे ठणठणपाळाला, चेहरा त्यांनी दिला. साहित्यिकांच्या डोक्यात हातोडा घालणाऱ्या त्या मजकुराला शोभेल असा, पण रागीट नव्हे, मिश्कील. शि. द. फडणीस भोजचे, बेळगाव जिल्ह्यातले, आणि त्यांचं शालेय शिक्षण झालं कोल्हापुरात. त्यांनी तर मथळाच काढून टाकला. एका मुखपृष्ठावर तरुण आणि तरुणी नुसते शेजारी उभे आहेत. एकाच्या कपड्यांवर मांजरांची नक्षी, दुसऱ्याच्या कपड्यांवर उंदरांची. एवढंच. आणि त्याही आधी किर्लोस्करवाडीला बसून शंवाकि, म्हणजे शंकर वासुदेव किर्लोस्कर, रूढींवर चित्रं काढत होते, तेही एका कारखान्याच्या गावातून निघणाऱ्या मासिकात. यांच्या रेषा गिरवू नकोस. त्यांनी चित्रातून काय काय काढून टाकलं ते मोज.

विषय मिळत नाहीत, ही तुझी तक्रार मला पटली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राहून विषय मिळत नाहीत म्हणजे रंकाळ्यावर बसून वारा लागत नाही म्हणण्यासारखं आहे. तू विषय मुख्य बातमीत शोधतेस. तिथं सगळेच शोधतात, त्यामुळं संध्याकाळपर्यंत त्यावर दोनशे विनोद फिरून झालेले असतात. आतली पानं वाच. जाहीर नोटिसा वाच, निविदा वाच, वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानं तर मन लावून वाच. कोण कुणाच्या फोटोशेजारी आला, कुणाचा फोटो मागच्या वर्षीपेक्षा लहान झाला, यात जिल्ह्याचं अख्खं राजकारण असतं. कोल्हापूरला आलीस की सकाळी गंगावेशीत धारोष्ण दुधाच्या कट्ट्यावर उभी राहा आणि नुसती ऐक. वहीत पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडं ‘काय म्हणाले’ आणि उजवीकडं ‘काय झालं’. महिनाभरानं वही उघडलीस की चित्रं आपोआप रेघेवर उभी दिसतील.

माझ्या वहीतली दोन-तीन उदाहरणं सांगतो, म्हणजे ती रेघ कळेल.

दूध संघाची निवडणूक. आपल्याकडं प्रत्येक संस्थेच्या वतीनं एकजण मत देतो, तो ठरावधारक. निवडणूक जवळ आली की जोडण्या सुरू होतात आणि ठरावधारक सहलीला जातात, हे शेंबड्या पोराला माहीत आहे. डावीकडं लिहिलं होतं: ‘निवडणूक दूध उत्पादकांच्या हितासाठी’. उजवीकडं: ‘ठराव सहलीला’. माझं पहिलं चित्र बसचं होतं. बसमध्ये गॉगल लावलेले ठरावधारक, टपावर बॅगा, पुढं पुढारी हात हलवतोय. बरं होतं, पण बोट ठेवून बघितलं तर काही हललं नाही. मग बस चित्राच्या टोकाला नेली, धुरळा आणि मागची काच तेवढीच ठेवली. पुढं आणला गोठा. म्हैस दावणीला, धार काढणारी बाई चरवी घेऊन बसलीय आणि दोघी त्या बसकडं बघतायत. मथळा म्हशीच्या बाजूनं: ‘आम्ही दोघी हितंच हाय न्हवं?’ कुणाचं नाव नाही, गट नाही, पक्ष नाही. तरी दोन्ही गटांचे लोक म्हणाले की हे आमच्यावर आहे. मग समजायचं की चित्र जमलं.

दुसरं भाजीच्या भावाचं. पावसाळ्यात कोल्हापुरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचार, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी तोंडपाठ असते. ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. त्या दिवसांत भाज्याही कडाडल्या होत्या. मी कपिलतीर्थ मंडईतली एक भाजीवाली काढली, तिच्या ढिगाशेजारी भावाची पाटी न लावता पूर मोजायची पट्टी रोवली आणि समोर पिशवी घेतलेल्या काकू मान वर करून ती वाचतायत. शब्द एकच, भाजीवालीचा: ‘इशाऱ्यावर हाय, घेऊन टाका.’ पुण्याच्या वाचकाला यातलं काही कळणार नाही. न कळू दे. स्थानिक दैनिकाचं चित्र गावातल्या माणसाला गुदगुल्या करायला असतं. जे सगळ्यांना सारखंच कळतं ते बहुतेक वेळा कुणालाच लागत नाही.

खुद्द महापुरावर मात्र विनोद करू नये असं मला वाटायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मी आठ दिवस कोरी चौकट देईन म्हणालो, पण चौकट कोरी कोण छापतो? शेवटी दिवाळीच्या सुमारास एक चित्र सुचलं आणि ते २०२१ च्या पुरानंतर पुन्हा काढावं लागलं. घराची भिंत. आपण पोरांना भिंतीला टेकवून डोक्यावर पेन्सिलीची रेघ मारतो ना, तसा आजोबा नातवाला टेकवून रेघ मारतोय. नातवाच्या डोक्याच्या वर, आजोबाच्या हाताच्याही वर, आणखी तीन रेघा आहेत. त्यावर लिहिलंय: २००५, २०१९, २०२१. मथळा नाही. चिखलीच्या एका गृहस्थांनी फोन करून सांगितलं, ‘आमच्या घरात ही भिंत हाय.’ माझ्या पस्तीस वर्षांत एवढी मोठी पावती मिळाली नाही. आणि त्या चित्राला कुणी हसलं नाही, हेही लक्षात घे. ‘लोक हसत नाहीत’ याचंच दुःख करू नकोस. हसू हा एक परिणाम झाला, एकमेव नव्हे.

मथळ्याबद्दल. तुझे मथळे बातमीदारासारखे आहेत. रस्त्याच्या चित्राखाली तू लिहिलंयस, ‘काय हो, परवाच तर डांबरीकरण झालं होतं, मग आज लगेच रस्ता का उकरताय?’ एवढं सगळं सांगितल्यावर चित्राची गरज काय? हाच विषय असा करून बघ. रस्त्याच्या एका टोकाला डांबराचा रोलर चाललाय. दुसऱ्या टोकाला पाइप टाकणारे चौघेजण कुदळी खांद्याला लावून, चहा पीत, त्यांचं आटपण्याची वाट बघत बसलेत. त्यातला एक म्हणतोय, ‘चालू द्या सावकाश, आम्हाला गडबड नाही.’ आणि मधे दारात एक माणूस स्कूटर बाहेर काढू की आत ठेवू अशा विचारात. जे चित्रात दिसतंय ते मथळ्यात नको. मथळ्यात आहे ते चित्रात नको. मथळा लिहून झाला की त्यातला एक-एक शब्द काढत जा आणि कोसळला की शेवटचा शब्द परत ठेव. कोल्हापूरकरांनी दशकानुदशकं ज्याची वाट बघितली त्या धरणातून पाणी आणायच्या थेट पाइपलाइनवर माझा सगळ्यात गाजलेला मथळा चार शब्दांचा होता: ‘आश्वासन तेवढं थेट आलं.’

आणि भाषा जपून. चित्रातली बाई शिवाजी पेठेतली असेल तर ती ‘मी येते हं’ म्हणणार नाही, ‘मी येतो’ म्हणेल. आपल्याकडच्या बायका तसंच बोलतात आणि बाहेरचे त्याला हसतात. हसू देत. तिच्या तोंडी पुणेरी मराठी घातलीस की ती बाईच खोटी पडते. उलट प्रत्येक मथळ्यात ‘नाद खुळा’ आणि ‘काटा किर्र’ घालून कोल्हापूर सिद्ध करायचीही गरज नाही. ते आता टी-शर्टवर छापतात.

कारागिरीची एक गोष्ट सांगतो, कंटाळा आला तर सोडून दे. मी सुरुवात केली तेव्हा चित्राचा झिंकचा ब्लॉक करायचे. पत्रा ॲसिडात खाल्ला जायचा, उरलेल्या रेघांना शाई लागायची. फार बारीक रेघ खाल्ली जायची नाहीतर तुटायची, जवळजवळच्या रेघा शाईनं भरून एक व्हायच्या. वर पेपरचा कागद शाई पिणारा. एकदा मी एका सफाचट पुढाऱ्याच्या नाकाखाली सावली म्हणून क्रोक्विलच्या टोकदार निबनं बारीक आडव्या-उभ्या रेघा मारल्या. छापून आल्या तेव्हा तिथं झुबकेदार मिशी! आणि मिशी लावल्यावर तो त्याच्या विरोधकासारखा दिसायला लागला. सकाळी विरोधकाचे कार्यकर्ते कार्यालयात जाब विचारायला, आणि ज्याच्यावर चित्र होतं त्याचा मला अभिनंदनाचा फोन. तेव्हापासून मी रेघा मोजून मारतो. ही शिस्त ऑफसेट आल्यावर लोक विसरले, पण तुझ्या कामाला ती पुन्हा आली आहे. मोबाईलवर तुझं चित्र चार बोटं रुंद दिसतं, म्हणजे जुन्या एका कॉलमापेक्षा फार मोठं नाही. तुझ्या चित्रांतली मागची गर्दी, इमारतींच्या खिडक्या, सावल्यांची जाळी, सगळं तिथं करडा चिखल होतं. अक्षरांची जागा आधी आख, मग माणसं बसव. देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार लागतात, त्यामुळं ओळी चिकटवल्या तर मजकूर गुदमरतो. आणि शक्य तोवर अक्षर स्वतःच्या हातानं काढ. छापील टाइप चित्रात पाहुण्यासारखा बसतो.

चेहऱ्यांबद्दल आणखी एक. माणसानं स्वतः निवडलेलं असतं ते वाढव: टोपीचा कल, गळ्यातली साखळी, मफलर, हात जोडायची ढब, फोटोत पुढं घुसायची सवय. जन्मानं मिळालेलं वाढवू नकोस. रंग, लंगडणं, तिरळेपणा, जातीची समजली जाणारी ठेवण, हे सोडून दे. कायद्याच्या भीतीनं नव्हे. त्यानं नेम चुकतो म्हणून. वाचक पुढाऱ्याच्या कारभाराकडं बघायचं सोडून त्याच्या तिरळ्या डोळ्याकडं बघतो आणि उलट त्याचीच कीव करतो. तसंच ते लाटणं घेतलेली जाडी बायको आणि टेबलाखाली लपलेला नवरा. आमच्या दिवाळी अंकांची ती जुनी खोड. मीही पोटासाठी अशी पन्नासेक चित्रं काढली असतील. एकही आठवत नाही.

आता वडिलांची काळजी. त्यांना भ्याड म्हणू नकोस. जिल्ह्याच्या गावात पुढारी टीव्हीत राहत नाही, पलीकडच्या गल्लीत राहतो. लग्नात शेजारच्या पंगतीला असतो. माझ्याकडंही तीन-चार वेळा माणसं येऊन गेली. एकदा सहाजण आले, त्यातल्या पाचांनी चित्र बघितलंच नव्हतं. मी ते दाखवलं. दोघं हसले, आणि मग सगळ्यांचीच पंचाईत झाली. दर वेळी असं सुटतं असं नाही. म्हणून काही पथ्यं पाळतो. ज्या गोष्टीला कागद आहे किंवा जी सगळ्यांसमोर घडली तीच काढतो. ‘पैसे खाल्ले’ असा नाव घेऊन आरोप चित्रात कधी करत नाही. चित्र म्हटल्यानं बदनामीचा कायदा सुटत नाही. पूर्वी तो दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. कुणाचे कुटुंबीय चित्रात आणत नाही. दुसरीकडं, सरकारवर टीका केली म्हणून लगेच तुरुंग असंही समजू नकोस. २०१२ मध्ये मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहाचं कलम लावलं गेलं, देशभर गदारोळ झाला आणि ते कलम मागं घ्यावं लागलं. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं. हिंसेची चिथावणी नसेल तर अशी टीका राजद्रोहात बसत नाही, हेच तिथून २०१५ मध्ये पुढं आलं. त्याच वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं, इंटरनेटवरच्या मजकुरासाठी शिक्षा करणारं ६६-अ कलम रद्द केलं. पण न्यायालयात शेवटी जिंकणं आणि मधली वर्षं काढणं यात फरक आहे, हे वडिलांना माहीत आहे. कुणी नोटीस पाठवली तर उत्तर स्वतः खरडू नकोस, वकिलाकडं जा.

कायद्यापेक्षा मला जास्त भीती चुकीच्या दिशेला गेलेल्या चित्राची वाटते. २०१६ साली राज्यभर मूक मोर्चे निघत होते. तेव्हा एका दैनिकात ‘मूक’ या शब्दावर कोटी करणारं चित्र छापून आलं. केवढं वादळ उठलं! शेवटी माफी मागावी लागली. काढणाऱ्याला ती नुसती शब्दाची गंमत वाटली असेल. पण लाखोंनी शांतपणे रस्त्यावर आलेल्या माणसांकडं, त्यातल्या बायकापोरींकडं त्या गंमतीचं तोंड होतं. आमच्या टँकरच्या चित्राचीच ती मोठी आवृत्ती. शब्द जुळतोय म्हणून हात सुटतो तेव्हा पेन खाली ठेवून एक फेरी मारून यावी.

एआयबद्दल मला फार कळत नाही, नातू दाखवतो तेवढंच. त्याला ‘खड्डे आणि मंत्री’ सांगितलं तर तो खड्डे आणि मंत्री काढून देतो, माझ्यापेक्षा गुळगुळीत. म्हणजे जे मी तुला पहिल्या फटक्यात सुचलेलं टाकून दे म्हणतोय, नेमकं तेच तो देतो. म्हैस आणि बसच्या काचेमधलं अंतर त्याला मी सांगितल्याशिवाय कळलं नाही. आणि ते मला सांगता येत असेल तर काढायला कितीसा वेळ लागतो? पोटाचं मात्र खरं सांगतो. नुसत्या रोजच्या चित्रावर जिल्ह्याच्या गावात घर चालत नाही, पूर्वीही चालत नव्हतं. सरवटे नोकरी करत होते. मी साइनबोर्ड रंगवले, पुस्तकांची मुखपृष्ठं केली, लग्नात पाहुण्यांची अर्कचित्रं काढली, शाळेत तास घेतले. दिवाळी अंकांचं मानधन उशिरा येतं पण येतं. गणपतीत सजीव देखाव्यांसाठी मंडळांना संहिता लागते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या तालमींचे देखावे बघितलेस तर कळेल, तिथं पोरं ट्रॉलीवर उभं राहून जे बोलतात ते छापायची कुठल्या संपादकाची छाती होणार नाही. तिथं लिहायला मिळालं तर सोडू नकोस. समोर हजार माणसं असतात, हसली की नाही हे तिथल्या तिथं कळतं.

आता तुझं पाचवं चित्र. एसटी थांब्याच्या निवारा शेडचं उद्घाटन. पुढं आमदार फीत कापतोय, मागं पंधरा चेहरे, प्रत्येकाचं नाक तू मन लावून काढलंयस. उजव्या कोपऱ्यात, बहुतेक जागा रिकामी दिसते म्हणून, एक म्हातारी घातलीयस. डोक्यावर पदर, पायाशी बोचकं, उन्हात उभी. शेडमध्ये मंडप आणि खुर्च्या असल्यामुळं तिला आत जागा नाही. तुझ्या हातानं ते आपोआप काढलंय, तुला कळायच्या आधी. त्या पंधरातले बारा चेहरे खोड. आमदार पाठमोरा केलास तरी चालेल. म्हातारीला पुढं आण आणि बस कुठल्या बाजूनं येते तिकडं तिची मान वळव. मथळा मी देणार नाही. शनिवारपर्यंत काढून पाठव, आणि मूळ कागद जपून ठेव, पुठ्ठ्यात घालून, उन्हापासून लांब.